पिल्लाचा अपराध कोणता? : कुत्रा, लस आणि विष्ठा यांचा एक छोटा इतिहास



महाभारताची गोष्ट कुठून सुरू होते असं विचारलं, तर बहुतेक जण शंतनूपासून म्हणतात. पण आदिपर्वाच्या अगदी आरंभी, पौष्यपर्वात, एका कुत्र्याच्या पिल्लाची गोष्ट आहे. जनमेजय कुरुक्षेत्रावर दीर्घ सत्र करतो आहे. तिथे सरमेचं पिल्लू येतं. सरमा म्हणजे देवांची कुत्री. जनमेजयाचे तिघे भाऊ त्या पिल्लाला बडवून काढतात. ते केकाटत आईकडे जातं. आई आधी त्यालाच विचारते, तू काही अपराध केला असशील. ते सांगतं, मी हविर्द्रव्याला तोंड लावलं नाही, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग सरमा यज्ञमंडपात जाऊन जाब विचारते. तिथले थोर लोक गप्प बसतात. तेव्हा ती शाप देते, की निरपराध पिल्लाला तुम्ही मारलंत, म्हणून न दिसणारं भय तुमच्यावर येईल.

न दिसणारं भय. विषाणूला याहून चांगलं वर्णन सापडणं कठीण आहे. अर्थात महाभारतकारांना विषाणू ठाऊक होते असं मी म्हणत नाही. तसले दावे करणाऱ्यांची आपल्याकडे टंचाई नाही, त्यात माझी भर नको. मला या गोष्टीतली दुसरी बाब महत्त्वाची वाटते. पिल्लाला शिक्षा आधी झाली आणि अपराध कोणता ही चौकशी नंतर झाली. कुत्रा आणि माणूस यांच्या इतिहासात हा क्रम पुन्हा पुन्हा दिसतो.

आज घरात पिल्लू आणलेली माणसं डॉक्टरांना दोन प्रश्न हमखास विचारतात. लशी कधी कधी द्यायच्या? आणि, हे जरा ओशाळून विचारतात, पिल्लू स्वतःची शी खातंय, ते कसं थांबवायचं? एक प्रश्न वैद्यकाचा, दुसरा सवयीचा. वरवर पाहता त्यांचा संबंध नाही. पण दोन्हींचा इतिहास एकत्र ठेवला की एक सूत्र हाती लागतं. आजचं व्याख्यान त्या सूत्राबद्दल आहे.

चाळिसावा दिवस

सुरुवात ॲरिस्टॉटलपासून करू, कारण तत्त्वज्ञानाच्या माणसाला तेवढी सूट असते. त्याने प्राण्यांवरच्या ग्रंथात लिहिलंय की कुत्र्याला पिसाळण्याचा रोग होतो, आणि तो ज्याला चावेल त्या प्रत्येक प्राण्याला तो रोग होतो, मनुष्य सोडून. हे साफ चूक आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मात्र पिसाळलेल्या जनावराच्या दंशाचं वर्णन आहे, आणि असा दंश झालेला माणूस पाण्याला भिऊ लागला की त्याची आशा नाही, हेही स्पष्ट म्हटलंय. जलत्रास हा शब्द तिथला.

आता रोममध्ये या. पहिल्या शतकातला शेतीविषयक लेखक कोलुमेला सांगतो की पिल्लू चाळीस दिवसांचं झालं की त्याच्या शेपटीचा शेंडा तोडावा, म्हणजे ते मोठेपणी पिसाळत नाही, असं मेंढपाळ म्हणतात. प्लिनी आणखी एक उपाय सांगतो. कुत्र्याच्या जिभेखाली एक किडा असतो, तो लहानपणीच काढून टाकावा. वास्तविक तो किडा नाहीच. तो जिभेतलाच एक तंतुमय दोरीसारखा भाग आहे. पण हा ‘किडा’ काढायची रीत युरोपात एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होती. अठराशे वर्षं पिल्लांच्या जिभा चिरल्या गेल्या.

हसू नका. यातली एक गोष्ट बघण्यासारखी आहे. पिल्लू लहान असतानाच काहीतरी केलं पाहिजे, पुढचा अनर्थ आत्ताच टाळता येतो, ही कल्पना तिथे आहे. चाळीस दिवस म्हणजे सुमारे सहा आठवडे. आजही पिल्लाची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास देतात. काळ जवळपास बरोबर, कृती पूर्ण चूक. कारण सगळ्यांनी दोष कुत्र्याच्या शरीरात शोधला, त्याच्या शेपटीत, त्याच्या जिभेत. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, असं आपणही म्हणतोच की. म्हणजे खोट त्याच्या स्वभावातच आहे. हा मी म्हणतो त्या सूत्राचा पहिला धागा.

आठ आणे आणि चौदा इंजेक्शनं

रोग कुत्र्यातच आहे असं एकदा ठरलं की पुढचा उपाय उघड असतो. कुत्रंच नको. मुंबईत कंपनी सरकारच्या काळात उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचे हुकूम निघत, आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे मिळत. १८३२ च्या जून महिन्यात या मोहिमेवरून फोर्ट भागात दंगल उसळली. आठ आण्यांच्या लोभाने पाळलेली कुत्रीही मारली जाऊ लागली होती. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे, अंत्यविधीतही आहे. ते रस्त्यावर उतरले, दुकानं बंद झाली, लष्कर बोलवावं लागलं. इतिहासाच्या पुस्तकांत ही घटना बॉम्बे डॉग रायट्स म्हणून ओळखली जाते. पण कुत्री मारून पिसाळरोग हटला का? नाही. मारलेल्यांची जागा नवी पिल्लं घेत राहिली, आणि ती तर सगळी निष्कवच.

मग ६ जुलै १८८५. जोसेफ मायस्टर हा नऊ वर्षांचा मुलगा, आणि पॅरिसमध्ये पाश्चर. हे आपण शाळेत शिकलो. शाळेत जे कमी सांगतात ते असं, की पाश्चरने त्याआधी कुत्र्यांवर प्रयोग करून त्यांना रोगापासून सुरक्षित करून दाखवलं होतं. म्हणजे ती लस माणसाच्या आधी कुत्र्याने घेतली. तरीही पुढची कित्येक वर्षं सारा भर चावा बसलेल्या माणसावर राहिला.

भारतात १९०० साली कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली. तिथे डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली मेंढीच्या मेंदूपासून कार्बॉलिक वापरून लस तयार केली. पोटात चौदा इंजेक्शनं, ती हीच. माझ्या वयाच्या श्रोत्यांच्या पोटात आत्ताही गोळा आला असेल. विसावं शतक संपेपर्यंत ती लस आपल्याकडे वापरात होती. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत ती बंद झाली आणि दंडावर टोचायच्या आधुनिक लशी आल्या.

तिकडे जपानने वेगळा विचार केला. उमेनो आणि दोई या दोन संशोधकांनी १९२१ साली कुत्र्यांसाठीच लस मांडली आणि कुत्र्यांचं सामुदायिक लसीकरण सुरू झालं. मधल्या महायुद्धाने सगळं विस्कटलं, पण १९५० साली कायदा झाला, कुत्र्यांची नोंदणी आणि लस सक्तीची झाली, आणि सात वर्षांत तिथला पिसाळरोग संपला. विचारातला बदल लहान दिसतो. कुत्र्यापासून माणसाला वाचवायचं, याऐवजी आधी कुत्र्याला वाचवायचं. पण परिणाम बघा केवढा झाला. माणसाला होणाऱ्या पिसाळरोगाची सुमारे ९९ टक्के प्रकरणं कुत्र्याच्या चाव्यातून येतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कुत्र्यांपैकी ७० टक्क्यांना लस दिली की साखळी तुटते, हेही तीच सांगते. आपल्या शेजारी गोव्यात गेल्या दशकात हेच करून बघितलं. हातात जाळी घेऊन गल्लोगल्ली, वाड्यावाड्यांत फिरून कुत्र्यांना लस टोचली. २०२१ साली गोवा सरकारने राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं. आठ आणे देऊन जे झालं नाही ते सुईने झालं.

एका साप्ताहिकाचा निधी

पिल्लांचा खरा काळ मात्र पिसाळरोग नव्हता, डिस्टेंपर होता. अठराव्या शतकात युरोपात त्याने धुमाकूळ घातला. नाक-डोळे वाहणं, खोकला, हगवण आणि शेवटी झटके. देवीची लस काढणारे जेन्नर, त्यांनी १८०९ साली या रोगाचं वर्णन केलं आणि तो पिसाळण्यापासून वेगळा आहे हे नीट दाखवलं. १९०५ साली फ्रान्समध्ये कारे यांनी सांगितलं की याचं कारण जिवाणूहून सूक्ष्म आहे, गाळणीतून पार होणारं. बऱ्याच तज्ज्ञांना ते पटलं नाही.

१९२३ साली इंग्लंडमधल्या ‘द फील्ड’ नावाच्या शिकार आणि शेतशिवाराच्या साप्ताहिकाने वाचकांकडून डिस्टेंपर संशोधनासाठी निधी गोळा केला. शिकारी लोक, गावातली माणसं, कुत्र्यावर जीव असणारी. त्या पैशावर लंडनजवळ मिल हिल इथे लेडलॉ आणि डंकिन कामाला लागले. त्यांची अडचण गमतीची होती. प्रयोगासाठी रोग न झालेली पिल्लंच मिळेनात, रोग इतका पसरलेला. मग त्यांनी कडक वेगळेपणा पाळून पिल्लांची स्वतंत्र पैदास केली. आत जाणाऱ्याने आंघोळ करायची, कपडे बदलायचे. करोनाने आपल्याला जे शिकवलं ते तिथे शंभर वर्षांपूर्वी चालू होतं. शिवाय फेरेट नावाचा मुंगसासारखा लांबट प्राणी या रोगाला पटकन बळी पडतो, हे त्यांना उपयोगी पडलं. दशक संपेपर्यंत लस तयार झाली.

पुढे ऐका. १९३३ साली त्याच संस्थेत स्मिथ, अँड्र्यूज आणि हेच लेडलॉ यांनी माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू प्रथम वेगळा केला, आणि तो फेरेटमध्येच. डिस्टेंपरच्या कामामुळे फेरेट हाताशी होते. कुत्र्याच्या पिल्लांसाठी वर्गणी दिलेल्या माणसांनी, नकळत, माणसाच्या फ्लूच्या संशोधनाचा पाया घातला. ‘कुत्र्यांवर कशाला खर्च’ असं म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

खरवस आणि पार्व्हो

१९७८ साली एक नवाच रोग उगवला. निरोगी पिल्लं एकाएकी ओकू लागली, रक्ताची हगवण, दोन-तीन दिवसांत खेळ खलास. हा पार्व्हो. लॅटिनमध्ये पार्व्हस म्हणजे लहान. मांजरांच्या एका जुन्या विषाणूचा हा जवळचा नातलग, आणि कुत्र्यांच्या शरीराला तो सर्वस्वी अनोळखी. दोनेक वर्षांत त्याने जग व्यापलं. काही वर्षांतच लस आली, हे नशीब.

पार्व्हो विष्ठेतून पसरतो. आणि भयंकर चिवट आहे. पिसाळरोगाच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं, म्हणून साबणाने तो मरतो. चावा बसला की जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि ताबडतोब दवाखान्यात जाऊन लस घ्या, असं सांगतात ते त्यासाठीच. पार्व्होला ते आवरणच नाही. साबण त्याला फारसं काही करत नाही, ब्लीच लागतं. अंगणातल्या मातीत तो कित्येक महिने टिकतो. एखादं पिल्लू त्या अंगणात पार्व्होने गेलं आणि त्याच जागी लगेच दुसरं आणलं, तर तेही जाण्याची भीती असते. घरचे म्हणतात, आम्हाला कुत्रं लाभत नाही. लाभत नाही असं काही नसतं. माती दूषित असते.

आता, लस एकदा देऊन का भागत नाही? इथे पालकांची चिडचिड होते. दर तीन-चार आठवड्यांनी बोलावतात, पैसे काढतात. याचं उत्तर आपल्या खरवसात आहे. गाय व्याल्यावरच्या चिकात वासराचं संरक्षण असतं, तसंच कुत्रीच्या चिकात पिल्लाचं असतं. जन्मानंतर पहिल्या दिवसभरात आईची रोगप्रतिकारक द्रव्यं त्यातून पिल्लाच्या रक्तात जातात. पण आईचं हे संरक्षण लशीलाही शत्रू समजतं आणि निकामी करतं. ते ओसरतं कधी? कुणाचं सहाव्या आठवड्यात, कुणाचं बाराव्या, कुणाचं त्याहूनही उशिरा. एकाच वेतातल्या दोन भावंडांतही फरक पडतो. बाहेरून ते दिसत नाही. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस देत राहायचं आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर पडेल असं बघायचं. शेवटचा डोस चुकवणारे नेमका उपयोगाचा डोस चुकवतात. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर, मग वर्षाने, मग डॉक्टर सांगतील तशी.

आईचं कवच उतरलं आहे आणि स्वतःचं अजून चढलेलं नाही, असा एक काळ प्रत्येक पिल्लाच्या आयुष्यात येतो. माणसाच्या मुलांच्याही येतो, निराळ्या अर्थाने. त्या काळात त्याला सांभाळणारा कुणी असला तर ते तरतं.

शीचा प्रश्न

आणि नेमकं याच वयात ते शी खातं. घरात किळस, ओरडा, प्रसंगी मार. काही ठिकाणी तर नाक शीमध्ये घासायची जुनी पद्धत अजून आहे. ‘घाणेरडं आहे, देऊन टाका कुणाला तरी,’ इथपर्यंत मजल जाते. पुन्हा तेच. शिक्षा आधी, चौकशी नंतर.

चौकशी करू. पहिले सुमारे तीन आठवडे पिल्लाला आपणहून शी-शू करताच येत नाही. आई चाटते तेव्हा ते होतं, आणि जे होतं ते ती खाऊन टाकते. जागा स्वच्छ राहावी म्हणून. म्हणजे ज्याला आपण अस्वच्छता म्हणतो ती तिची स्वच्छता आहे! पुढे पिल्लू जग तोंडाने तपासू लागतं. चप्पल, माती, सॉक्स, शी. आपण जे ‘घाण’ या शब्दात बांधतो ते त्याच्या वर्गीकरणात नाही. शुद्ध-अशुद्ध हे कप्पे आपले आहेत, आणि त्या कप्प्यांपायी आपण माणसांचं काय केलं, हे या महाराष्ट्रात मी वेगळं सांगायला नको.

२०१८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या बेंजामिन हार्ट आणि सहकाऱ्यांनी याचा मोठा पाहणी-अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे १६ टक्के कुत्री वारंवार शी खाताना दिसली. बहुतेकांना ती ताजी, दोन दिवसांच्या आतली लागते. संशोधकांचा तर्क असा, की लांडग्यांच्या गुहेजवळ पडलेल्या विष्ठेतली जंतांची अंडी बाधक व्हायला दोनेक दिवस लागतात, त्याआधी ती खाऊन टाकली की कळपाचं रक्षण होतं. हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. पण त्याच अभ्यासात मालकांनी वापरलेल्या बाजारातल्या पुड्या-गोळ्यांचं यश शून्य ते दोन टक्के निघालं. ही आकडेवारी खिशाला उपयोगी आहे. अननसाचे तुकडे, मिरपूड, हेही त्याच माळेतले मणी.

मग करायचं काय? शी पडताक्षणी उचलायची. बाहेर नेताना पट्टा लावायचा. शी झाली की हाक मारून जवळ बोलवायचं आणि लगेच खाऊ द्यायचा, म्हणजे ते शीकडे न वळता तुमच्याकडे वळेल. ‘सोड’ हा शब्द खेळात शिकवायचा. आरडाओरडा करून मागे धावलात तर त्याला खेळ वाटतो, नाहीतर ते घाईने गिळून मोकळं होतं. जंताचं औषध वेळेवर द्यायचं, कारण लस जंतांपासून वाचवत नाही, आणि त्यांतले काही जंत घरातल्या रांगत्या मुलांनाही बाधतात. लशी पूर्ण होईपर्यंत अनोळखी कुत्र्यांच्या विष्ठेपासून काटेकोर दूर. बहुतेक पिल्लं मोठी होता होता ही सवय सोडतात. मोठ्या कुत्र्याने एकाएकी सुरू केलं, किंवा पिल्लू रोडावत असेल, तर मात्र डॉक्टरांकडे न्यायचं.

सूत्र

आता दोन्ही धागे जोडतो. जिभेखालचा किडा, आठ आणे, शीमध्ये घासलेलं नाक, या सगळ्यांत एकच गृहीत आहे, की दोष त्या जिवाच्या स्वभावात आहे. आणि चीक, माती, गाळणीतून पार होणारा विषाणू, आईचं चाटणं, या सगळ्या शोधांत उलटं गृहीत आहे, की आधी परिस्थिती बघा. ज्ञान दर वेळी दुसऱ्या बाजूने आलं.

नामदेवांची गोष्ट आपण सांगतो. कुत्र्याने भाकरी पळवली आणि ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत. खंडोबाबरोबर कुत्रा आहे. परंपरेत प्रेमाची उणीव नाही. पण नुसत्या प्रेमाने पार्व्हो थांबत नाही. सोसायटीच्या जिन्याखाली व्यालेल्या कुत्रीला रोज दूध-पोळी घालणारी माणसं पुष्कळ आहेत. तिच्या पिल्लांच्या लशींची तारीख लक्षात ठेवणारी फार थोडी आहेत. ती पिल्लं चार महिन्यांनी आपल्याच मुलांबरोबर गल्लीत खेळणार आहेत. वाटी घेऊन धावणं सोपं आहे, वही ठेवणं अवघड. नैतिकता, माझ्या मते, त्या वहीत असते.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : सर, सोळा आठवड्यांपर्यंत पिल्लू बाहेर काढूच नये का?*

चांगला प्रश्न. इथे दोन हितांची खरी टक्कर आहे. तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला जगाची ओळख होते. त्या काळात कोंडून ठेवलं तर ते मोठेपणी भित्रं, आणि भित्रेपणामुळे चावरं होऊ शकतं. म्हणून कडेवर घेऊन बाहेर न्या, माणसं, गाड्या, आवाज दाखवा, लस पूर्ण झालेल्या ओळखीच्या कुत्र्याशी घरात खेळू द्या. जिथे अनेक कुत्री शी करतात तिथे जमिनीवर सोडू नका. संरक्षण म्हणजे कोंडणं नव्हे, हे मुलांच्या बाबतीतही खरं आहे.

*प्रश्न : रस्त्यावरच्या पिल्लांचं लसीकरण ही महापालिकेची जबाबदारी नाही का?*

आहेच. २००१ च्या आणि नंतर २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार नसबंदी आणि रेबीजची लस हे काम स्थानिक संस्थांकडे आहे. त्यांना जाब विचारा, लेखी विचारा. सरमाही जाब विचारायलाच यज्ञमंडपात गेली होती. पण ती शाप देऊ शकत होती, आपण नाही. म्हणून अर्ज टाकून झाला की चार घरांनी मिळून जिन्याखालच्या पिल्लांची वहीही सुरू करा. पहिल्या पानावर जन्माचा अंदाज लिहा, आणि तिथून सहा आठवडे मोजा.